खोली गावाची, गिरणी मामाची

लालबागच्या नाक्यावर पत्र्याची एक चौकी होती. त्या चौकीत बुधाजी घाडी बसत नसे, उभा असे. बसकंपनीने त्याला स्टूल दिलेलं होतं, पण त्यावर त्याचा डबा बसायचा. बसलेल्या माणसाला आलेली गर्दी दिसते, येणारी दिसायला उभं राहावं लागतं, असं त्याचं म्हणणं. हुद्दा स्टार्टरचा. गाडी सुटायची वेळ झाली की शिट्टी मारायची आणि कागदावर टिपून ठेवायची, एवढंच काम. शिक्षण देवगडकडच्या शाळेत चौथीपर्यंत, तेही मास्तर वारल्यामुळे शाळा बंद पडली म्हणून तिथे थांबलेलं. नाहीतर कुठे पोचला असता कोण जाणे.

एकदा काय झालं, सकाळची गाडी उभी, वेळ झालेली, आणि बुधाजी शिट्टी मारीना. ड्रायव्हरने भोंपू वाजवला. कंडक्टर खाली उतरून म्हणाला, घाडीनु, शिट्टी गिळलात की काय. बुधाजी ढिम्म. तिसऱ्या मिनिटाला गल्लीच्या तोंडातून चाळीस माणसं धावत आली आणि गाडी गच्च भरली. योगायोगाने तिथे एक तपासनीस उभा होता. त्याने विचारलं, तुला कसं कळलं? बुधाजी म्हणाला, साहेब, आज पलीकडच्या गिरणीचा भोंगा आधी खाकरला आणि मग वाजला. वाफ कमी होती. म्हणजे पाळी उशिरा सुटली. तपासनिसाला गाडी उशिरा सोडल्याचा शेरा मारायचा होता; तो तसाच वही मिटून गेला.

असा हा माणूस. आधी आठ वर्षं तो ट्रामचा सांधेवाला होता, लोखंडी पहार घेऊन रूळ बदलायचा. ट्राम कुठे जाणार ते आपल्याला माहीत असतं, माणूस कुठे जाणार ते शोधायला लागतं, असं म्हणायचा. आणि शोधायचाही. मुंबईत दोन लोट आहेत हे त्याने कुणाच्या पुस्तकात न वाचता काढलं होतं. एक लोट दादरकडच्या कारकुनांचा. सकाळी साडेनवाला धुतलेल्या शर्टात कोटाकडे, म्हणजे फोर्टातल्या कचेऱ्यांकडे जायचा, संध्याकाळी मळलेल्या शर्टात परत. गाड्या जाताना भरलेल्या, येताना रिकाम्या. दुसरा लोट गिरण्यांचा. तो मात्र विचित्र. इकडून तिकडे जितके, तितकेच तिकडून इकडे. परळच्या नाक्यावर दोन्ही गाड्या एकमेकींना भेटायच्या तेव्हा दोन्हींच्या पायरीवर माणसं लोंबत असायची, आणि ती एकमेकांना हाक मारायची.

ह्या दुसऱ्या लोटाची एक गाडी होती, सकाळची सहा-पंचवीसची, लालबाग ते प्रभादेवी. आपली गोष्ट तिची.

त्या गाडीला मालन यायची. प्रभादेवीच्या एका गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात ती कामाला. नवरा छातीच्या दुखण्याने गावी जाऊन पडलेला, म्हणून ती इथे दिराच्या बिऱ्हाडात राहायची, कॉटन ग्रीनच्या चाळीत. पाच वाजता नळ यायचा. सगळ्या घराचं पाणी भरून झालं की तीन वर्षांची शकू कडेवर घ्यायची आणि काळाचौकीवरून झपाझप चालत लालबागला यायची. गिरणीत पाळणाघर होतं. सातच्या भोंग्याआधी शकूला तिथे ठेवलं की दिवस तिचा. सातनंतर फाटक बंद. महिन्यात दोनदा फाटकाबाहेर राहिली की तिच्या साच्याशी, म्हणजे यंत्राशी, दुसरी बाई उभी. बुधाजी तिला लांबून यायची बघायचा आणि तिची चाल बघून सांगायचा की आज पाणी कमी दाबाने आलं.

अठ्ठावन्न सालच्या माघात बसकंपनीने मोजणी काढली. कचेरीत साहेब लोकांना प्रश्न पडला होता की गिरणीतला माणूस तर गिरणीच्या दारात राहतो, मग त्याला गाडी कशाला? दादरच्या कारकुनांना गाड्या पुरत नाहीत, त्यांच्या तक्रारी रोज वर्तमानपत्रात. तेव्हा एक दिवस सहा-पंचवीसच्या गाडीत टेबलाएवढी फळी घेऊन दोन माणसं चढली आणि प्रत्येकाला त्यांनी दोन प्रश्न विचारले. घर कुठे? आणि कुठे जाणार?

आता कोकणातल्या माणसाला घर कुठे म्हणून विचारलं तर तो काय सांगणार? घर म्हणजे जिथे देव्हारा आहे, मागच्या दारी फणस आहे, जिथे आई आहे. मुंबईत असते ती खोली. बायकोपोरं आणली तर बिऱ्हाड. वीस वर्षं लालबागला काढलेला माणूससुद्धा घर म्हटलं की राजापूर म्हणणार. म्हटलंच त्यांनी. राजापूर, कणकवली, देवगड, लांजा, संगमेश्वर. मोजणीवाल्यांनी मुकाट्याने लिहून घेतलं.

पंधरा दिवसांनी चौकीवर नोटीस लागली. सहा-पंचवीसच्या गाडीतले बहुतेक उतारू परगावचे पाहुणे असल्याचं मोजणीत आढळून आलं आहे, सबब ही गाडी येत्या शिमग्यानंतर बंद करून दादर-कोट मार्गावर वळवण्यात येईल.

बुधाजीने नोटीस दोनदा वाचली. मग रांगेकडे वळून म्हणाला, “ऐकलात? तुम्ही रोज सकाळी डबे घेऊन मुंबईतल्या गिरण्या बघायला येणारे पाहुणे. बघून झालं की आठ तास काम करता आणि परत जाता.” सगळी रांग हसली. मालन हसली नाही. तिने फक्त विचारलं, शिमगो कधी आसा? मग बोटांवर दिवस मोजले. तिच्या चाळीतली रखमाकाकू शिमग्याला भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी जाणार होती. गाडी नसेल तर पोरीला कडेवर घेऊन लालबागहून प्रभादेवी सातच्या आत गाठणं होणार नाही. एकटी धावत कदाचित गाठेल. म्हणजे शकूला रखमाकाकूबरोबर गावी पाठवायचं. गावी कोण, तर आजारी नवरा आणि डोळ्यांनी अधू सासू. हे सगळं मालन बोलली नाही, पण बुधाजी एवढी वर्षं तिची चाल वाचत होता, त्याला चेहरा वाचायला वेळ लागला नाही.

आपल्या सुट्टीच्या दिवशी तो धुतलेला सदरा घालून कचेरीत गेला. मोजणीचं काम मनमोहन धैर्यवान नावाच्या गृहस्थांकडे होतं. गिरगावातलं जुनं घराणं, पाच पिढ्या एकाच घरात काढलेल्या, बोलणं पुस्तकासारखं नीटनेटकं. माणूस मात्र चांगला. बुधाजीला खुर्ची दिली. बुधाजीने सांगायला सुरुवात केली की साहेब, तुमचं घर आणि खोली ह्यात घोटाळा झाला. धैर्यवानांना ते कळेचना. ते म्हणाले, अहो, खोली घरातच असते ना? आमच्या घरात चौदा खोल्या आहेत. बुधाजी म्हणाला, आमची खोली घरापासून एक दिवस आणि एक रात्र लांब असते, मधे समुद्र असतो.

धैर्यवान हसू लागले. मोजणी पुन्हा करू म्हणाले. ह्या वेळी “राहता कुठे” असं विचारू. पण अहवाल शिमग्याआधी वर जायचा, तेव्हा दोन दिवसांत काय ते.

इथे बुधाजीकडून चूक झाली, आणि ती त्याने पुढे कधी लपवली नाही. आदल्या संध्याकाळी नाक्यावर भेटेल त्याला तो सांगत सुटला की उद्या मोजणीवाले येतील, गावाचं नाव सांगू नका, मुंबईचं सांगा. त्याच्या मनात होतं चाळीचं नाव सांगा. पण दिवस कुठले होते! भिंतीभिंतीवर मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र. कोपऱ्याकोपऱ्यावर सभा. मुंबई कुणाची, ह्या एका प्रश्नावर माणसं रस्त्यावर उतरलेली, काही परत न आलेली. त्यात चिंतामणी सावंत नावाचा एक साचेवाला होता, समितीच्या सभेत घोषणा द्यायला पुढे असणारा. राहायला प्रभादेवीला, कामाला लालबागला. त्याने ऐकलं आणि डोक्यात प्रकाश पडल्यासारखा तो चाळीचाळीतून फिरला. ही मोजणी साधी नाही म्हणाला. तुम्ही गावाचं नाव सांगितलंत की ते दिल्लीला लिहून पाठवणार, बघा, मुंबईत मराठी माणूस पाहुणा आहे!

दुसऱ्या दिवशी धैर्यवान स्वतः गिरगावातून पहिल्या ट्रामने आले. गाडीत चढले. पहिल्याला विचारलं, राहता कुठे? तो छाती काढून म्हणाला, मुंबई. दुसरा म्हणाला, मुंबई. तिसरा, पिकल्या मिशांचा, म्हणाला, संयुक्त महाराष्ट्र, राजधानी मुंबई. धैर्यवान नम्रपणे म्हणाले, आजोबा, मुंबईत कुठे? आजोबा म्हणाले, सगळीकडे. मागून टाळ्या पडल्या. साठ माणसं, एकोणसाठ वेळा मुंबई. परळच्या नाक्यावर समोरून चिंतामणीची गाडी आली, तिच्यातूनही गर्जना ऐकू आली. एकट्या मालनने कॉटन ग्रीन म्हणून सांगितलं, पण त्या आवाजात ते लिहिणाऱ्याला ऐकूच गेलं नाही.

परतीच्या गाडीने धैर्यवान चौकीवर उतरले. कागदांची चळत पुढे करून म्हणाले, “बुधाजी, पहिल्या मोजणीत मुंबईत कुणीच राहत नव्हतं. आज सगळेच सगळीकडे राहतात. मला ह्यातून नकाशा काढायचा आहे हो.”

बुधाजीने टोपी काढली. चूक आपली आहे म्हणाला. आणि उद्याचा एक दिवस मागून घेतला, पण ह्या वेळी प्रश्न मी विचारणार म्हणाला. धैर्यवान कबूल झाले. दुसरं करणार काय?

दिवसभर त्याने डोकं खाजवलं. घर म्हणावं तर कोकण. राहणं म्हणावं तर चळवळ. झोपता कुठे म्हणावं तर तेही खरं नाही; पाळीवाल्यांच्या खोलीत वीस वीस माणसं, एक उठला की त्याच्या जागी दुसरा, उकाड्यात कुणी गच्चीवर, कुणी फुटपाथवर. जेवता कुठे म्हणावं तर खाणावळ दुसऱ्याच गल्लीत. माणसाचं सगळंच फिरतं, मग एका जागी काय असतं? संध्याकाळी आपल्या खोलीत गेला, चपला काढल्या, आणि भिंतीशी ओळीने रचलेल्या वस्तूंकडे बघून मटकन खाली बसला. उत्तर त्याच्या समोर पडलेलं होतं. त्याला वळसा घालून तो रोज आत येत होता.

सकाळी सहा-पंचवीसच्या गाडीत तो चढला, धैर्यवान कागद घेऊन मागे. पहिल्याच्या समोर उभा राहून त्याने आपल्या बोलीत विचारलं, “वळकटी खंय रे तुझी?”

अंथरुणाची वळकटी. घर गावी राहतं, माणूस गिरणीत राहतो, पण वळकटी जिथे टेकलेली असते तिथेच तो मुंबईत असतो. वळकटीवर भाषण करता येत नाही, वळकटीबद्दल खोटंही सुचत नाही. पहिला चटकन म्हणाला, काळाचौकी, बटाट्याच्या वखारीमागे, दुसरा मजला. दुसरा म्हणाला, रे रोडाक, लाकडाच्या वखारीकडे, पण ट्रंक भावाकडे आसा, ती चालात? बुधाजी म्हणाला, ट्रंक नको, वळकटी सांग. कालचे आजोबा आजही ताठ बसले होते. बुधाजी म्हणाला, बाबानु, महाराष्ट्र तुमचो, मुंबय तुमची, वळकटी तेवढी खंय ता सांगा. आजोबा हसले आणि हळूच म्हणाले, लालबागाक, गणपतीच्या बोळात.

असं करत करत तो मालनशी आला. शकू तिच्या मांडीवर.

“वळकटी खंय गो?”

“कॉटन ग्रीनाक. दिराकडे.” मग थोडं थांबून म्हणाली, “माजी सोडलेली आसा. हिची बांधून ठेवलंय.”

धैर्यवानांना मालवणी अर्धीमुर्धी कळत होती. त्यांनी बुधाजीकडे बघितलं. बुधाजीने चार शब्दांत सांगितलं, पोरीची वळकटी बांधली आहे, शिमग्याच्या बोटीसाठी. गाडी जाणार म्हणून. धैर्यवानांनी लिहिलं काय, ते माहीत नाही, पण पेन्सिलीचं टोक मोडलं आणि त्यांनी दुसरी पेन्सिल काढली.

मग नाक्यावरच्या इराण्याकडे संगमरवरी टेबलावर त्यांनी मुंबईचा नकाशा पसरला. वळकटीपासून गिरणीपर्यंत एकेक रेघ मारत गेले. चहा थंड झाला. परतीच्या गाडीत चिंतामणीच्या बाजूच्या लोकांनाही तेच विचारलं होतं, त्यांच्याही रेघा मारल्या. शेवटी चष्मा काढून ते म्हणाले, बुधाजी, हे काय गौडबंगाल आहे? हा लालबागला वळकटी ठेवतो आणि प्रभादेवीला साचा चालवतो. तो चिंतामणी प्रभादेवीला वळकटी ठेवतो आणि लालबागला साचा चालवतो. दोघांचं काम एकच. दोघांनी जागा बदलल्या तर गाडीच लागणार नाही. वरचे साहेब मला हाच प्रश्न विचारणार.

बुधाजीने बशीतला चहा संपवला.

“साहेब, खोली गावाची असते आणि गिरणी मामाची.”

आणि मग त्याने जे सांगितलं ते ऐकून इराण्याचा पोऱ्यासुद्धा फडकं हातात घेऊन उभा राहिला म्हणतात. पोरगा बोटीतून उतरला की कुठे जातो? आपल्या गावाच्या खोलीत. गावकऱ्यांनी मिळून घेतलेली, गावचा माणूस आला तर त्याला वळकटीपुरती जागा नाकारायची नाही, हा नेम. पण तिथे असते सगळी भावकी. भावकी जागा देते, नोकरीला शब्द टाकत नाही. भाताच्या एका खाचरावरून ज्यांचे आजे बोलेनासे झाले, ते चुलत्याच्या पोराला आपल्या खात्यात कशाला लावतील? शब्द टाकतो तो मामा. मुकादमाला जाऊन सांगतो, भाचा आहे, बघा जरा. म्हणून काम लागतं मामाच्या गिरणीत. आता मामाचा गाव कुठला? आईचं माहेर. आणि आईचं माहेर आपल्याच गावात कधी असतं का? आपल्या भावकीत कुणी मुलगी करत नाही. तेव्हा मामाचा गाव वेगळा, त्या गावाची खोली वेगळ्या बाजूला, आणि तिथल्या माणसांनी धरलेली गिरणीही वेगळीच. बरं, भाच्याने मामाच्या खोलीत जाऊन राहावं, तर तिथे मामाच्या भावकीचीच वीस माणसं. त्या गावचा नसलेल्याला जागा कुठली? बायकांचं तर आणखी वेगळं. मालनची खोली नवऱ्याच्या गावाची, काम मावशीने लावलेलं.

धैर्यवानांनी नकाशावरच्या रेघांवरून बोट फिरवलं. “म्हणजे ही गर्दी कोकणातल्या लग्नांनी ठरवली आहे?”

“होय तर. जोवर मुली परगावी देतायत, तोवर तुमची गाडी दोन्ही बाजूंनी भरणार.”

“आणि आमचे कारकून? ते का एकाच दिशेने जातात?”

“त्यांना नोकरी मामा देत नाही, परीक्षा देते. आणि परीक्षेच्या सगळ्या कचेऱ्या कोटात.”

धैर्यवान इतके मोठ्याने हसले की गल्ल्यावरच्या इराण्याने मान वर केली.

अहवाल गेला. कारणाच्या रकान्यात त्यांनी मामासाठी इंग्रजीत ‘अंकल’ लिहिलं, तर वरच्या साहेबाने शेरा मारून परत पाठवलं की चुलत्याच्या गिरणीजवळ राहायला ह्यांना काय अडचण आहे? इंग्रजीला मामा आणि काका दोन्ही एकच. धैर्यवानांनी तो शब्द खोडला आणि त्या सगळ्या इंग्रजी कागदात मधोमध देवनागरीत मामा असं ठळक लिहिलं, खाली रेघ मारली, आणि कागद हातात घेऊन स्वतः साहेबासमोर जाऊन उभे राहिले. कचेरीत त्यांची बावीस वर्षं झाली होती. आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता. त्या दिवशी शेजारच्या खोलीपर्यंत ऐकू गेला म्हणतात.

शिमग्याच्या चार दिवस आधी नवी नोटीस आली. सहा-पंचवीसची गाडी चालू राहील. बुधाजीने ती नोटीस रांगेसमोर मोठ्याने वाचली. चिंतामणी त्या दिवशी आधीच्या गाडीने आला होता आणि त्याच वेळी उतरत होता, त्याने घोषणा दिली, कुठली ते सांगायला नको. मालनने दुसऱ्यांदा वाचायला लावली. मग म्हणाली, रखमाकाकूला सांगायला पाहिजे, तिकीट एकच काढ म्हणून.

आणि शिमगा आला. सगळं लालबाग, परळ, काळाचौकी कोकणात उतरलं. पालख्या नाचवायच्या होत्या, सोंगं घ्यायची होती. सकाळी सहा-वीसला नाक्यावर गाडी उभी, आणि तिच्यात माणसं किती, तर पाच. ड्रायव्हर म्हणाला, घाडीनु, आज कोणी मोजायला आला तर तुमच्या मामाचं काही खरं नाही. कंडक्टर म्हणाला, दहा मिनिटं थांबू या, कुणी येतंय का बघू. बुधाजीने भोंग्यांकडे कान लावला. बहुतेक गिरण्या बंद, भोंगे मुके. प्रभादेवीकडची एक तेवढी चालू होती, वाइंडिंगचं काम साठलं होतं म्हणून.

मालन आली. धावत नव्हती, चालत होती. शकू आज कडेवर नव्हती, आईचं बोट धरून स्वतःच्या पायांनी येत होती, म्हणून उशीर. दोघी चढल्या, खिडकीशी बसल्या. एवढी मोकळी गाडी शकूने कधी बघितली नव्हती. ती एका बाकावरून दुसऱ्या बाकावर जाऊन बसत होती आणि प्रत्येक खिडकीतून बुधाजीला हाक मारत होती.

सहा-पंचवीस झाले. बुधाजीने सात माणसांच्या गाडीला शिट्टी मारली आणि कागदावर वेळ टिपली.